फोर्टमधल्या जुन्या इमारतीतला ‘लॉफ्ट’ घेताना : आधी पोटमाळा, मग तुळयांची टोकं

प्रश्न थोडक्यात असा : मुंबईत फोर्ट भागात शंभर वर्षांहून जुनी दगडी इमारत, तिसरा मजला, १४ फूट उंच छत. जाहिरातीत ‘१,६५० चौ. फूट लॉफ्ट अपार्टमेंट’ असं लिहिलंय. त्यातले ४७० फूट लाकडी पोटमाळ्याचे. जागा पागडीची आहे, म्हणजे ठोक रक्कम देऊन घ्यायची भाडेकरूची जागा; घरमालक भाडेपावती नावावर करून द्यायला तयार आहे. आत नवं पीओपी आणि इटालियन मार्बल. नवरा-बायको दोघांना राहायला घ्यायची आहे. घ्यावी का, आणि काय तपासावं?

अशा जागा घेण्यासारख्या असतात, पण जाहिरातीतल्या भावाला सहसा नाही. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी सगळं ठरवतील. त्या ४७० फुटांना कागद आहे का, आणि मार्बलखालच्या तुळयांची भिंतीतली टोकं शाबूत आहेत का. बाकीची यादी लांब आहे, पण त्यातलं बहुतेक पैसे टाकून सुधारता येतं. या दोन गोष्टी बिघडलेल्या असतील तर नुसत्या पैशाने भागत नाही. घरमालक, महापालिका आणि वरखालचे शेजारी असे सगळे मध्ये येतात.

आधी पोटमाळा. टेप घेऊन जा आणि छताची उंची फळीपर्यंत न मोजता तुळईच्या तळापर्यंत मोजा. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. वरच्या मजल्याच्या तुळया फूटभर खाली उतरलेल्या असतील तर हातात ३.९७ मीटर उरतात. पोटमाळ्याखाली निदान २.२ मीटर मोकळी उंची हवी, त्याची स्वतःची जाडी १५ सेंटिमीटर धरा. वर उरले १.६२ मीटर. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाचं डोकं तुळईला आपटणार. पंखा लावायचा विषयच नाही, आणि मेच्या दुपारी सगळी गरम हवा तिथेच जाऊन बसते. मुंबईच्या बांधकाम नियमांत राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची लागते. सामानाचा माळा दीड मीटरपर्यंतच माळा म्हणून धरला जातो. म्हणजे दलाल ज्याला ‘मास्टर बेडरूम’ म्हणतोय ते नियमाच्या भाषेत धड माळाही नाही आणि खोलीही नाही. १६ फुटांच्या छताखाली हे गणित बऱ्यापैकी जुळतं. १४ फुटांत दीड मजला कसाबसा बसतो, दोन बसत नाहीत.

आता कागद. मुंबईत जुन्या बांधकामाला संरक्षण देणाऱ्या दोन तारखा आहेत : बिगरनिवासी बांधकामासाठी १ एप्रिल १९६२ आणि निवासीसाठी १७ एप्रिल १९६४. त्याआधीपासून पोटमाळा असल्याचा पुरावा असेल तर तो ‘टॉलरेटेड’, म्हणजे परवानगी नसली तरी खपवून घेतलेला, म्हणून चालतो. पुरावा म्हणजे महापालिकेच्या ए विभागातल्या करनिर्धारण खात्याचा १९६१-६२चा उतारा. त्यात पोटमाळ्याचा उल्लेख आणि वापर दिसायला हवा. मंजूर नकाशात दाखवलेला असेल तर उत्तमच. विक्रेता म्हणेल, ‘आजोबांच्या काळापासून आहे.’ मग लाकडाकडे बघा. जुन्या बर्मा टीकच्या तुळया, हाताने घडवलेले खिळे, खाचा करून बसवलेले सांधे असतील तर त्याच्या बोलण्यात दम आहे. एमएसचे म्हणजे पोलादी चॅनेल, त्यावर प्लायवूड आणि यंत्राने फिरवलेले स्क्रू दिसले तर ते काम अलीकडचंच आहे, उतारा काहीही म्हणो. अशा वेळी उताऱ्यातला पोटमाळा लहान आणि जागेवरचा मोठा, असंही हमखास निघतं. दोन्हींची मापं ताडून पाहा.

पागडीच्या जागेत याला आणखी एक धार आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९च्या कलम १६ प्रमाणे घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं हे जागा खाली करून घ्यायचं कारण ठरतं. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी बसवणं असली कामं या व्याख्येतून वगळली आहेत. पोटमाळा वगळलेला नाही. तो पक्का की तात्पुरता यावर कोर्टात भांडता येतं, पण भांडण विकत घ्यायला तुम्ही पैसे मोजत नाही आहात. तेव्हा हस्तांतराच्या करारातच घरमालकाकडून एक ओळ लिहून घ्या : अमुक मापाचा पोटमाळा अस्तित्वात आहे, त्याला त्याची संमती आहे, त्याबद्दल त्याची तक्रार नाही. सोबत मापांसह नकाशा, त्यावर घरमालकाची सही. ही ओळ द्यायला तो कां-कूं करत असेल तर उद्या तो काय करणार आहे हे आजच कळलं.

भाव ठरवताना माझं मत सरळ आहे. कागद नसलेल्या पोटमाळ्याची किंमत शून्य. कागद असलेल्या पोटमाळ्यालाही खालच्या जमिनीचा पूर्ण दर देऊ नका. राहिलेल्या १,१८० फुटांतही पाहा की हे आतलं माप आहे की भिंती धरून. या इमारतींच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असतात. आतून ४० बाय २५ म्हणजे १,००० चौ. फुटांची जागा चहूबाजूंनी दोन फुटी भिंती धरून मोजली तर ४४ बाय २९, म्हणजे १,२७६ होते. केवळ भिंतींनी जवळपास २८ टक्के वाढ. खोलीनिहाय आतली मापं स्वतः घ्या आणि व्यवहार त्यावरच बोला.

पुनर्विकास झाला तर मोठी जागा मिळेल, हे आमिष दलाल दाखवतोच. उपकरप्राप्त, म्हणजे सेस भरणाऱ्या इमारतीच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूला सध्याच्या कार्पेटइतकी, म्हणजे भिंती सोडून आतल्या मापाइतकी, जागा मिळते; किमान ३०० चौ. फूट आणि कमाल १२० चौ. मीटर, म्हणजे साधारण १,२९० फूट. तुमच्या १,१८० फुटांना ती मर्यादा पुरते. पोटमाळा मात्र कागदाशिवाय त्यात धरला जाईल अशी आशा ठेवू नका. शिवाय इमारत हेरिटेज यादीत असेल तर पाडून टॉवर उभा राहण्याची शक्यता मुळातच कमी. त्या भरवशावर जास्त भाव देणं शहाणपणाचं नाही.

आता मार्बलखाली काय आहे ते. फोर्टमधल्या या पिढीच्या इमारती बहुधा दगडविटांच्या चुन्यातल्या भारवाहक भिंतींवर उभ्या असतात. मजले दोन प्रकारचे. एकात सागाच्या तुळया, वर इंचभर जाडीच्या फळ्या, त्यावर चुनाविटांचा कोबा आणि मग फरशी. दुसऱ्यात लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या चपट्या कमानी, ज्याला जॅक आर्च म्हणतात. एकाच इमारतीत दोन्ही सापडतात : राहत्या खोल्यांत लाकूड, मागच्या मोरी-संडासाच्या पट्ट्यात गर्डर. तुमच्या जमिनीच्या तुळया तुमच्या घरात दिसत नाहीत, त्या खालच्या घराच्या छताला दिसतात. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरल्याशिवाय ही तपासणी होतच नाही. तिथे तुळईखाली लाकडी किंवा लोखंडी टेकू दिसला तर तो कधी लावला आणि कोणी, हे विचारा. तात्पुरता म्हणून लावलेला टेकू वीस वर्षं तसाच राहतो आणि त्याच्याभोवती कपाटं उभी राहतात.

लाकूड मध्ये क्वचित कुजतं. ते कुजतं टोकाला, जिथे तुळई बाहेरच्या भिंतीत सहा ते नऊ इंच आत गेलेली असते. नैर्ऋत्येच्या पावसाने ती भिंत चार महिने भिजते, टोकाला हवा लागत नाही, आणि बुरशी आतून खात जाते. बाहेरून रंग तुकतुकीत, आत भुसा. म्हणून सर्वांत आधी पश्चिम आणि दक्षिणेकडच्या भिंतींतली टोकं पाहायची. तपासणी साधी आहे. लहान हातोडीने भिंतीपासून दोन फूट अंतरावरून ठोकत भिंतीकडे या. धडधाकट सागाचा खणखणीत आवाज भिंतीजवळ बद्द झाला की थांबा. तिथे टोकदार स्क्रू-ड्रायव्हर दाबा. चांगल्या लाकडात तो दोन-तीन मिलिमीटर जाऊन अडतो. कुजलेल्यात इंचभर सहज शिरतो आणि बाहेर येताना ओलसर तपकिरी भुसा घेऊन येतो. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर २० टक्क्यांच्या वरचा आकडा म्हणजे बुरशीला पोषक परिस्थिती. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंत आणि तुळई यांच्या कोनात शोधा. नळी फोडून रिकामी निघाली म्हणून वाळवी गेली असं समजू नका.

पीओपी हे सगळं झाकतं, आणि नवं पीओपी तर मुद्दामच झाकतं असं धरून चाला. तीन ठिकाणी दोन बाय दोन फूट उघडून दाखवा अशी मागणी करा : बाहेरच्या भिंतीलगत, वरच्या घराच्या संडासाखाली आणि सर्वांत लांब गाळ्याच्या (तुळईच्या दोन आधारांमधल्या अंतराच्या) मध्यावर. दुरुस्तीचा खर्च तुम्ही द्या, पण उघडायला लावा.

टोक कुजलं असेल तर दुरुस्ती होते. खालून आधार देऊन कुजका भाग कापतात, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या किंवा चॅनेल बोल्टने घट्ट करून नवं टोक जोडतात, दगडी बैठकीवर टेकवतात आणि टोकाभोवती इंचभर हवा खेळती ठेवतात. हीच शेवटची गोष्ट मिस्त्री चुकवतो. तो खड्डा सिमेंट काँक्रीटने ठासून भरतो, कारण तसं मजबूत दिसतं. मग पाणी अडकतं आणि टोक पुन्हा कुजतं. हीच चूक भिंतीवरही होते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही; गिलावा फुगतो, पोपडे पडतात आणि मागचा चुना पिठासारखा होतो. नखाने खरवडून बघा. दरजांमधून भुगा गळत असेल तर तिथे चुन्यानेच काम करावं लागेल.

गर्डरचं दुखणं वेगळं. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कित्येक पटींनी वाढतं आणि ते भोवतालच्या विटा ढकलतं. छताला गर्डरच्या रेषेत सरळ चीर, जॅक आर्चच्या कमानीतून सुटलेली वीट, हाताने ओढल्यावर पापुद्र्यांसारखा निघणारा गंज : ही चिन्हं जवळजवळ नेहमी मोरी-संडासाखालीच सापडतात. कारण मूळच्या घरात संडास मागच्या गॅलरीच्या टोकाला असायचा. नंतर तो आत आला, त्याच्या उतारासाठी कोबा आणि भराव टाकला गेला, आणि तो भराव कायम ओला राहिला. वरच्या घरातली नाहणी गळत असेल तर तुमचं छत जातं. तुमची गळत असेल तर खालच्याचं, आणि मग नोटीस तुमच्या नावाने येते.

वजनाचं गणित तर बहुतेक ग्राहक करतच नाहीत. दर नव्या मालकाने जुन्या फरशीवर नवी फरशी टाकलेली असते. ५० मिलिमीटर मसाला आणि वर २० मिलिमीटर मार्बल म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो. १,००० चौ. फुटांना हे जवळपास १४ टन होतात, एका थराचे. राहत्या घरासाठी माणसं-सामान मिळून दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, म्हणजे एका हौशी फरशीने तीन चतुर्थांश कोटा आधीच खाल्ला. थर किती आहेत ते दारात उभं राहून कळतं. जिन्याच्या चौकापेक्षा घरातली जमीन दोन-तीन इंच वर आहे का, दारांचे तळ कापलेले आहेत का, खिडकीचा कठडा गुडघ्याशी आलाय का. साडेचार इंची विटेची दहा फूट उंच भिंत तुळयांच्या मध्यावर बांधलेली असेल तर ती दर मीटर लांबीला सहाशे-साडेसहाशे किलोंची. तीच हलक्या ब्लॉकची असेल तर दोनशेच्या आसपास, आणि लाकडी चौकटीची त्याहून पुष्कळ कमी. पोटमाळ्यावर बाथरूम काढून ठेवलं असेल, आणि काही जण काढतातच, तर आधी नळ बंद करा आणि मग बोला. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन एका कोपऱ्यात.

जमिनीचा झोल लेझर लेव्हलने किंवा पारदर्शक नळीत पाणी भरून मोजा. पंधरा फुटांच्या गाळ्यात मध्यावर दोन सेंटिमीटरपर्यंतचा झोल जुन्या सागाला क्षम्य आहे. चार-पाच सेंटिमीटर असेल तर इंजिनिअरकडून कारण लेखी घ्या. चवड्यांवर उभं राहून टाचा धप्पकन टेका. काचेच्या कपाटातले पेले किणकिणले तर मजला लवचिक झालाय.

इंजिनिअर निवडताना त्याने लाकूड-दगडाचं काम केलंय का ते विचारा. फक्त काँक्रीटच्या इमारती तपासणारे रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटचा कडकपणा मोजायचं यंत्र, घेऊन येतात आणि दगडी भिंतीवर मारून आकडे देतात. त्या आकड्यांना तिथे काही अर्थ नसतो.

इमारतीच्या पातळीवर तीन-चार कागद काढा. म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे इमारत उपकरप्राप्त आहे का आणि कोणत्या वर्गात. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात येतात. पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, त्यात नाव होतं का. महापालिकेकडून इमारतीची सी-१, सी-२ए अशी धोक्याची वर्गवारी झालीय का. सी-१ म्हणजे खाली करून पाडायची. मंडळाने आधी दुरुस्ती केली असेल तर कुठे केली ते जागेवर पाहा. लाकडी मजला काढून काँक्रीट स्लॅब टाकलेला असेल तर त्याचं वजन त्याच जुन्या भिंतींवर आलंय. मंडळाच्या खर्चाला मर्यादा असते, वरचा पैसा रहिवाशांच्या खिशातून जातो. शेजाऱ्यांत ऐपत आणि एकी किती, हेही म्हणून चौकशीत येतं. अनेकदा हीच खरी अडचण ठरते.

हेरिटेज श्रेणी पाहिल्याशिवाय इंटिरिअर डिझायनरला बोलावू नका. पहिल्या श्रेणीत आतलेही बदल जवळपास बंद. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल छाननीनंतर होतात, तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक असते. फोर्टचा मोठा भाग हेरिटेज परिसरात येतो, त्यामुळे इमारत स्वतः यादीत नसली तरी दर्शनी भागाला हात लावताना परवानगीचा विषय निघतोच. झडपांच्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमचे स्लायडिंग बसवणं आणि एसीचं बाहेरचं यंत्र समोरच्या कोरीव सज्जावर टांगणं, या दोन गोष्टींनी नोटिसा ओढवतात. सज्जाखालून जाताना वर बघा : दगडांतले लोखंडी आकडे गंजून दगड फुटलेत का, पिंपळ उगवलाय का. पिंपळ नुसता वरून छाटलेला असेल तर तो पुढच्या पावसात परत येणार; मुळं दरजांतून काढावी लागतात.

पागडीचे कागद. भाडेपावती आज कोणाच्या नावावर आहे? वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर हक्क कोणाला गेला हे आधी ठरायला हवं, कारण मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना कायदा प्राधान्य देतो आणि दुसऱ्या शहरातला भाऊ नंतर उगवतो. सगळ्यांच्या सह्या घ्या. १९९९च्या कायद्याच्या कलम ५६ ने मोबदला घेऊन हस्तांतर करणं कायदेशीर केलंय. घरमालकाचा हिस्सा रूढीने एक तृतीयांशाच्या आसपास असतो, पण कायद्यात टक्का ठरवलेला नाही, तो घासाघीस करून ठरतो. सगळी रक्कम चेकने, करार लेखी आणि नोंदणीकृत. इमारत सार्वजनिक ट्रस्टची असेल तर पुढेमागे ती विकली जाताना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. जमीन मुंबई बंदराच्या किंवा सरकारी भाडेपट्ट्यावर असेल तर पट्टा कधी संपतो ते पाहा. करबचतीसाठी जागा कंपनीच्या नावावर घेण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी भागभांडवल बघा. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेल्या कंपनीला भाडेनियंत्रणाचं संरक्षणच नाही. आणि घेऊन कुलूप लावून ठेवू नका. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसणं हेही जागा जाण्याचं कारण आहे.

मूळ वापरही तपासा. फोर्टमधले असे हॉलसारखे गाळे मूळचे पेढीचे किंवा गोदामाचे असतात. पावती व्यापारी वापराची आणि तुम्ही राहणार, असं असेल तर वापरबदल घरमालक आणि महापालिका दोघांकडून लेखी हवा.

पागडीला बँक नेहमीचं गृहकर्ज देत नाही, तेव्हा पैसे स्वतःचे लागतात. हीच जागा कोणी मालकी हक्काची देत असेल तर हिशेब बदलतो : मुद्रांक शुल्क ६ टक्के (फक्त महिलांच्या नावावर ५), नोंदणी १ टक्का पण कमाल ३०,००० रुपये, आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यास १ टक्का टीडीएस. बँक तेव्हाही इमारतीचं उरलेलं आयुष्य विचारेल.

वायरिंग लाकडी पट्टीतलं असेल तर सगळं काढायचं असं धरा, आणि बेस्टच्या बिलावर मंजूर भार पाहा. १४ फुटांच्या हॉलला दोन-तीन एसी लागतील. तो भार इमारतीच्या जुन्या मुख्य केबलला झेपतो का हे इलेक्ट्रिशियनने तळमजल्यावरच्या मीटरपेटीशी जाऊन सांगायला हवं. जिना लाकडी आणि एकच असेल तर त्याखाली रचलेली कागदांची पुडकी आधी हलवायला लावा. जाळीच्या दाराची लिफ्ट चालू आहे म्हणून खूश होऊ नका, तिचा परवाना आणि शेवटची तपासणी बघा.

टोकन देताना पावतीवर तीन अटी घाला : पीओपी उघडून आणि खालच्या घरातून इंजिनिअरची तपासणी होऊ द्यावी, पोटमाळ्याचा उतारा आणि घरमालकाची लेखी संमती मिळावी, आणि यातलं काही न झाल्यास पूर्ण टोकन पंधरा दिवसांत परत. व्यवहार एप्रिल-मेमध्ये ठरत असेल तर शेवटचा मोठा हप्ता जुलैच्या मध्यापर्यंत लांबवा आणि दोन-तीन दिवस सलग झड लागल्यावर पश्चिमेच्या भिंतीला हात लावून या.